ज्यांना रबर मानवत नाही : ग्रामीण रुग्णालयात लेटेक्स ॲलर्जीच्या रुग्णाची काळजी कशी घ्यावी

केसपेपरवर ॲलर्जीचा जो रकाना असतो, त्यासाठी आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो आणि तो औषधांबद्दलचा असतो. कोणत्या गोळीची किंवा इंजेक्शनची रिॲक्शन येते का, असे विचारायचे, उत्तर "नाही" आले की तसे लिहायचे आणि पुढच्या रुग्णाकडे वळायचे. विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांच्या प्रसूतिगृहांत आणि शस्त्रक्रियागृहांत माझी एकवीस वर्षे परिचारिका म्हणून गेली आहेत आणि त्यांतील सुरुवातीची बरीच वर्षे मीही असेच करत होते. एकदा प्रसूतीसाठी आलेल्या एका बाईची अंतर्तपासणी झाल्यावर काही मिनिटांतच तिचे ओठ आणि पापण्या सुजल्या, अंगभर गांधी उठल्या आणि छातीत घरघर सुरू झाली. तोवर तिला एकही औषध दिलेले नव्हते, तरी आम्ही औषधातच कारण शोधत राहिलो. ते आमच्या हातांवरच्या मोज्यांत होते. ती आणि तिचे बाळ दोघेही सुखरूप राहिले. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूने सहज बोलता बोलता सांगितले की सुनेला केळे खाल्ले की तोंडात खाज सुटते आणि घरच्या बारशाला फुगे फुगवताना तिचे ओठ सुजले होते. हे दोन्ही धागे त्या घरात सर्वांना ठाऊक होते. आम्ही ते विचारले नव्हते. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय येथे काम करणाऱ्या परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि अशा रुग्णांचे घरचे लोक यांनी काय विचारावे आणि काय करावे, एवढ्यासाठीच हे लिहिले आहे.

कोणते रबर त्रास देते

नैसर्गिक रबर हे हेविया ब्राझिलिएन्सिस या झाडाच्या पांढऱ्या चिकापासून, म्हणजेच लेटेक्सपासून बनते. आपल्या देशात त्याची लागवड मुख्यतः केरळात होते. या चिकातील प्रथिनांविरुद्ध काही माणसांचे शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि नंतरच्या स्पर्शात, श्वासातून किंवा रक्तातून ती प्रथिने पुन्हा शरीरात गेली की रिॲक्शन येते. पातळ चिकात साचा बुडवून ज्या वस्तू तयार होतात, त्यांत ही प्रथिने अधिक सुटी राहतात. हातमोजे, फुगे, निरोध आणि लघवीची नळी या अशा वस्तू आहेत. गाडीच्या टायरसारख्या, कोरड्या रबरापासून बनलेल्या कठीण वस्तूंमधून ती फार कमी सुटतात. नायट्राइल, निओप्रिन, सिलिकॉन आणि पीव्हीसी यांत नैसर्गिक चीक नसतो, त्यामुळे अशा रुग्णांसाठी या वस्तू चालतात.

गावात मला नेहमी विचारले जाते की मग रुईच्या, वडाच्या किंवा उंबराच्या चिकाचे काय. पांढरा चीक गळणारे प्रत्येक झाड रबराचे नसते आणि चीक पांढरा आहे एवढ्यावरून त्यातील प्रथिने सारखी ठरत नाहीत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा करतो, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि तिचा उपचारही वेगळा आहे.

हातमोज्यांमुळे होणारा प्रत्येक त्रास ॲलर्जी नसतो, हेही येथेच स्पष्ट केले पाहिजे. सतत हात धुणे, सॅनिटायझर, घाम आणि मोज्यातील पावडर यांमुळे कातडी कोरडी पडते, भेगाळते आणि आग होते. हा नुसता दाह असतो. दुसऱ्या प्रकारात मोजे घातल्यानंतर एक ते तीन दिवसांनी खाज, पुरळ आणि बारीक पाणीदार फोड येतात. रबर पक्के करताना वापरली जाणारी थायुरामसारखी रसायने त्याला कारण असतात. यात जिवाला धोका नसतो, पण ती रसायने नायट्राइलच्या अनेक मोज्यांतही असल्याने नुसते मोजे बदलून हा त्रास जाईलच असे नाही. तिसरा प्रकार प्रथिनांच्या खऱ्या ॲलर्जीचा. तो काही मिनिटांत सुरू होतो, गांधी, शिंका, डोळ्यांतून पाणी, सूज आणि दम अशा क्रमाने किंवा क्रम सोडूनही वाढू शकतो आणि रक्तदाब कोसळण्यापर्यंत जातो. पहिले दोन प्रकार असलेल्या सहकाऱ्यांनी हात दुखावले म्हणून ते तसेच सोडू नयेत, कारण भेगाळलेल्या कातडीतून प्रथिने सहज आत शिरतात. मलम लावायचे असेल तर ते काम संपल्यावर लावावे. व्हॅसलिनसारखे तेलकट मलम लावून लेटेक्सचे मोजे चढवले तर मोजे विरतात आणि संरक्षण जाते.

विचारायचे प्रश्न

आपल्याकडे गावातल्या माणसाला "लेटेक्सची ॲलर्जी आहे का" असे विचारण्यात काही अर्थ नाही, कारण लेटेक्स हा शब्द त्याच्या बोलण्यात नाही. त्याच्या रोजच्या व्यवहारातून विचारावे लागते. मी साधारण असे विचारते : "काकाजी, फुगा फुगवला तं ओठ सुजते काय? रबरी मोजे घालून फवारणी केली तं हाताले गांधी येते काय? केयं खाल्लं का तोंडात खाजवते काय?" बायकांना एकांतात निरोधचा प्रश्नही विचारावा लागतो, कारण ही ॲलर्जी कित्येकदा तेथेच प्रथम दिसते आणि संकोचामुळे ती बाई वर्षानुवर्षे जंतुसंसर्गाची औषधे घेत राहते. निरोध वाटणाऱ्या आशाताईंनी हे लक्षात ठेवावे. पूर्वीच्या बाळंतपणात, दात काढताना किंवा शस्त्रक्रियेत कारण न कळलेली रिॲक्शन आली होती का, हाही प्रश्न टाळू नये.

काही माणसांच्या बाबतीत उत्तराची वाट न पाहता आधीच सावध व्हावे. पाठीच्या कण्यातील दोषामुळे पाठीवर गाठ घेऊन जन्मलेली मुले यांत सर्वांत पुढे आहेत, कारण लहानपणापासून वारंवार शस्त्रक्रिया आणि रोज लघवीची नळी यांमुळे त्यांचा रबराशी संबंध सतत येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत हा दोष शोधला जातो. असे मूल आढळले की त्याच्या कागदावर पहिल्या दिवसापासून "लेटेक्स नको" असे लिहावे आणि घरी वापरण्यासाठी लाल रबरी नळीऐवजी पीव्हीसीची नळी द्यावी. ॲलर्जी झाल्यावर टाळण्यापेक्षा ती होऊच न देणे येथे खरोखर शक्य आहे. अनेक शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, दमा किंवा इसब असलेले लोक आणि आपण स्वतः, म्हणजे रोज मोजे घालणारे आरोग्य कर्मचारी, हे त्यानंतरचे. १९८० च्या दशकात एचआयव्हीमुळे सर्वत्र हातमोज्यांचा वापर एकदम वाढला आणि त्यानंतरच आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसू लागला.

रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होते, पण ती निर्दोष आली तरी स्पष्ट इतिहास असलेल्या रुग्णाला ॲलर्जी नाही असे समजू नये. मोज्याचा तुकडा कातडीवर घासून घरच्या घरी चाचणी घेण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्यातून तीव्र रिॲक्शन येऊ शकते.

खाण्याचा संबंध

रबराच्या चिकात हेवेन नावाचे एक प्रथिन असते. झाडे बुरशी आणि किडींपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी अशी प्रथिने बनवतात आणि त्याच्याशी रचनेने मिळतीजुळती प्रथिने काही फळांतही असतात. त्यामुळे रबरावर चिडलेले शरीर फळावरही चिडते. स्पेनमधील डॉक्टरांनी १९९४ साली या जोडीला लेटेक्स-फळ संलक्षण असे नाव दिले. रबराची ॲलर्जी असलेल्यांपैकी साधारण ३० ते ५० टक्के लोकांना एखाद्या तरी फळाचा किंवा भाजीचा त्रास होतो. उलट दिशेने मात्र हे प्रमाण बरेच कमी आहे. म्हणजे केळ्याने तोंड खाजते एवढ्यावरून रबराची ॲलर्जी सिद्ध होत नाही. फक्त पुढचे प्रश्न विचारणे आणि तपासणीसाठी नायट्राइलचे मोजे उचलणे आपल्यावर बंधनकारक होते.

सर्वांत पक्का संबंध केळे, ॲव्होकॅडो, किवी आणि चेस्टनट यांचा आहे. त्यानंतर पपई, टोमॅटो, बटाटा, खरबूज, आंबा, अंजीर आणि सीताफळाच्या कुळातील फळे यांची नावे येतात. यातील चेस्टनटबद्दल येथे मुद्दाम लिहिले पाहिजे, कारण भंडारा आणि गोंदिया भागातील तलावांत होणाऱ्या शिंगाड्याला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणतात आणि नावाच्या साम्यावरून शिंगाडा बंद करण्याचा सल्ला मी लेखी दिलेला पाहिला आहे. यादीतील चेस्टनट हे थंड प्रदेशातील झाडाचे कवचाचे फळ आहे, तर शिंगाडा ही पाण्यात वाढणारी पूर्णपणे वेगळी वनस्पती आहे. शिंगाड्याने स्वतः त्रास झाला नसेल तर तो खाण्यास हरकत नाही.

प्रश्न विचारण्यासाठी मला उपवासाचे ताट फार उपयोगी पडते. केळी, बटाटा, साबुदाणा, शिंगाड्याचे पीठ, भगर आणि शेंगदाणे हे सगळे एकाच दिवशी पोटात जाते, आणि "उपासाच्या दिवशी काही त्रास होते काय, माय?" असे विचारले की बायका नेमके सांगतात. पण उत्तर मिळाल्यावर ते निवडून घ्यावे लागते. शेंगदाण्याची ॲलर्जी ही स्वतंत्र आणि कधीकधी अतिशय तीव्र असते. तिचा संबंध रबराशी जोडून चालत नाही. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो त्या कसाव्याचा आणि रबराचा संबंध काही रुग्णांत आढळला आहे, परंतु साबुदाणा म्हणजे त्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो आणि त्यात प्रथिन अगदी नगण्य उरते. बटाटा आणि टोमॅटो शिजवल्यावर पुष्कळ जणांना चालतात, कारण हेवेनसारख्या भागाची प्रथिने उष्णतेने मोडतात. मात्र कच्च्या टोमॅटोने ज्याचा घसा आवळला आहे, त्याला शिजवलेला टोमॅटो घरी खाऊन पाहा असे सांगू नये. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावा.

पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ आली की नातेवाईक रुग्णाच्या उशाशी किवी, पपई आणि पपईच्या पानांचा रस आणून ठेवतात, कारण त्याने पेशी वाढतात असे सगळीकडे ऐकलेले असते. ज्या माणसाने आयुष्यात कधी किवी पाहिली नाही तो तापात दिवसाला तीन किवी खातो, त्याच वेळी रबरी पट्टा बांधून त्याचे रक्त रोज काढले जाते, आणि अंगावर आलेले चट्टे डेंग्यूचेच असतील असे समजून कोणी त्याकडे बघत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ किंवा जीभ खाजू लागली, घसा आवळल्यासारखा वाटला, उठून दिसणाऱ्या गांधी आल्या, तर ते फळ तेथेच थांबवावे आणि रबराचा इतिहास विचारावा. फळाला सरसकट विरोध करण्याची गरज नाही. वॉर्डात कोणता रुग्ण काय खातो आहे हे परिचारिकेला माहीत असले पाहिजे, एवढेच.

आणि आता मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते. रबराची ॲलर्जी निघाली म्हणून फळांची छापील यादी रुग्णाच्या हातात देऊन "हे सर्व बंद" असे सांगू नका. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत केळे हे लेकरांच्या वाट्याला नियमित येणारे जवळजवळ एकमेव फळ असते. अमृत आहार योजनेत अंगणवाडीतूनही लेकरांना अंडी किंवा केळी दिली जातात. सीताफळ जंगलातून फुकट मिळते. जे फळ तो माणूस आजवर निर्धास्त खात आला आहे ते त्याने खात राहावे. ज्याने त्रास झाला आहे तेवढेच बंद करावे, आणि यादीतील जे फळ त्याने कधीच खाल्लेले नाही ते पहिल्यांदा खाताना थोडे खावे, एकट्याने शेतावर किंवा जंगलात असताना खाऊ नये.

वॉर्ड आणि शस्त्रक्रियागृहाची तयारी

रबर कोठे कोठे दडले आहे याची एकदा स्वतः फिरून नोंद घ्यावी. मोजे, लघवीची नळी, निरोध-कॅथेटर, रक्त काढताना बांधायचा पट्टा, रक्तदाब यंत्राची नळी आणि फुगा, जुन्या प्रकारची अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि मास्क, जखमेत ठेवायची कोरुगेटेड ड्रेनची पट्टी, रबर शीट, एनिमाची नळी, लवचिक बँडेज आणि काही चिकटपट्ट्या, हे सगळे त्यात येते. वेष्टणावर सिलिकोनाइज्ड लेटेक्स असे लिहिलेली लघवीची नळी ही आतून रबराचीच असते. अशा रुग्णाला पूर्ण सिलिकॉनची नळी लागते. हायपोॲलर्जेनिक या शब्दावरही विसंबू नये, कारण त्याचा अर्थ रबर नाही असा होत नाही. व्हिनाइलचे मोजे रबरमुक्त असले तरी लवकर फाटतात, त्यामुळे रक्ताशी संबंध येणार असेल तेथे नायट्राइलच घ्यावे.

पावडरचे मोजे हा आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. पावडर स्वतः निरुपद्रवी दिसते, पण रबरातील प्रथिने तिला चिकटतात आणि मोजा ओढून काढला की ती हवेत तरंगतात. रुग्णाला कोणी हातही लावला नसताना त्याला दम लागू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये पावडरच्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी घातली आणि ती १८ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. आपण निदान अशा रुग्णाच्या खोलीत ते मोजे उघडू नयेत. खोली झाडूने झाडू नये, कारण त्याने पावडर पुन्हा उडते. ओल्या कपड्याने पुसून घ्यावी. शस्त्रक्रिया ठरवलेली असेल तर हा रुग्ण दिवसातला पहिला घ्यावा, म्हणजे आदल्या रात्री पुसलेली खोली तशीच मिळते.

रक्तदाब मोजताना आणि पट्टा बांधताना खाली सुती कापडाची घडी ठेवली तरी स्पर्श टळतो. इंजेक्शनसाठी निवड करता येत असेल तर रबरी बुचाच्या बाटलीऐवजी काचेचे ॲम्प्यूल घ्यावे, परंतु बुचाच्या भीतीने आवश्यक औषध अडवून ठेवू नये. प्रसूतिगृहात आणखी एका गोष्टीचा आधीच विचार करावा लागतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी आपण निरोध नळीवर बांधून गर्भाशयात फुगवतो. तो उपाय अनेक जीव वाचवतो, पण निरोध लेटेक्सचा असतो. म्हणून ही ॲलर्जी माहीत असलेल्या गरोदर बाईचे बाळंतपण सिलिकॉनचा बलून आणि रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयात व्हावे, अशी व्यवस्था नवव्या महिन्याच्या आधीच करावी.

हे सामान महाग पडते, अशी अडचण सांगितली जाते. संपूर्ण रुग्णालय बदलणे लगेच होणार नाही, पण एक पेटी तयार करता येते : नायट्राइलच्या मोज्यांचा डबा, रबरमुक्त निर्जंतुक शस्त्रक्रिया-मोज्यांचे काही जोड, सिलिकॉनच्या दोन नळ्या, कापडी पट्टा आणि सिलिकॉनची अँबू बॅग. जिल्हा भांडारातून मिळाले नाही तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून एवढे घेता येते. पेटीवर मोठ्या मराठी अक्षरांत "लेटेक्स नाही" असे लिहावे, कारण रात्रपाळीला ती उघडणारी व्यक्ती नवीन असू शकते.

रिॲक्शन आलीच तर

आधी मोजे काढा, नळी किंवा पट्टा काढा, हात धुवा आणि नायट्राइलचे मोजे चढवून पुन्हा रुग्णाजवळ या. श्वासाला त्रास, आवाज बसणे, चक्कर, उलट्या किंवा रक्तदाब उतरणे यांपैकी काहीही असेल तर पहिले औषध ॲड्रेनलिन आहे. आपल्याकडे सवयीने एव्हिल (ॲलर्जीवरचे नेहमीचे इंजेक्शन) आणि डेक्सा (स्टेरॉइड) आधी दिले जाते आणि ॲड्रेनलिन शेवटच्या क्षणासाठी ठेवले जाते. ही सवय प्राणघातक आहे, कारण एव्हिल खाज कमी करते, पण आवळलेली श्वासनलिका आणि कोसळलेला रक्तदाब सावरत नाही. एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून प्रौढांना ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत द्यावे. लेकरांना दर किलो वजनामागे ०.०१ मिलिलिटर, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ०.१ मिलिलिटर, आणि जास्तीत जास्त ०.३ मिलिलिटर. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई स्नायूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती वापरू नये. सुधारणा नसेल तर पाच मिनिटांनी तीच मात्रा पुन्हा देता येते. वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी कायम सूचना भिंतीवर लावून ठेवलेली असावी, म्हणजे विचारण्यात वेळ जात नाही. उपकेंद्रातील ताईंकडे लसीकरणानंतरच्या रिॲक्शनसाठी दिलेला ॲड्रेनलिनचा संच असतोच. तो या वेळीही कामी येतो.

रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत, दम जास्त असेल तर बसू द्यावे, गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवावे आणि कोणालाही उभे करून चालवू नये. ऑक्सिजन आणि सलाईन सुरू करावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. तासाभराचा घाटरस्ता मध्ये असेल तर ॲड्रेनलिनची आणखी ॲम्प्यूल गाडीत सोबत द्यावी, कारण बरा वाटलेला रुग्ण काही तासांनी पुन्हा बिघडू शकतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी ही रिॲक्शन ओळखणे अवघड जाते. ती बऱ्याचदा पोट उघडल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने येते, अंगावरच्या गांधी हिरव्या चादरींखाली झाकलेल्या असतात आणि सिझेरियनमध्ये रक्तदाब उतरला की तो स्पायनलमुळे, म्हणजे पाठीतून दिलेल्या भुलीमुळे उतरला असे समजले जाते. कारण सापडत नसेल तर चादर उचलून कातडी पाहावी आणि सर्वांनी मोजे बदलावेत. आधीच एव्हिल-डेक्सा देऊन मग रबरी मोजे वापरण्याने मात्र रुग्ण सुरक्षित होत नाही.

सुट्टी देताना केसपेपरवर, गरोदर बाईच्या माता व बाल संरक्षण कार्डावर आणि पाठवणीच्या चिठ्ठीवर लाल शाईने "रबराची ॲलर्जी, नायट्राइल वापरा" असे लिहावे आणि कोणत्या फळाने त्रास होतो तेही त्याच ओळीत लिहावे. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला नायट्राइलचे मोजे घेण्यास सांगावे. मोजेच सोडून देण्याचा सल्ला कधीही देऊ नये. शेवटी, नायट्राइलच्या मोज्यांचे चार-पाच जोड स्वच्छ पिशवीत घालून रुग्णाच्या घरच्यांकडे द्यावेत. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता ते ज्या दवाखान्यात पोहोचतील तेथे असे मोजे असतीलच याची खात्री नसते, आणि कार्ड वाचायला वेळ नसलेला डॉक्टरही समोर धरलेली पिशवी घेतो.